जाम झालेला ब्रेक आणि सासूबाईंचा सौना

मी एकदा मनावर घेतलं की लोखंडसुद्धा नमतं, असं माझं स्वतःबद्दल स्पष्ट मत आहे. हे मत मी कुणापासून लपवून ठेवलेलं नाही. गावातल्या बायकांच्या कॉफीच्या बैठकीत, दुकानात बटाटे निवडताना, अगदी टपाल वाटणाऱ्याची गाडी हात दाखवून थांबवून मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, "बाबांच्या गाडीचा ब्रेक मी स्वतः बदलणार! घरी! अंगणात! या दोन हातांनी!"

टपालवाला म्हणाला, "बरं. मी आता जाऊ का?"

आता तुम्ही म्हणाल, काइसूबाई, गावात गॅरेज नाही का? आहे. चांगलं आहे. पण प्रश्न गॅरेजचा नव्हता, प्रश्न बाबांचा होता. गाडी त्यांची. हिरवी, लांबुडकी, मागचं दार आपटल्याशिवाय लागत नाही अशी. ते गेले आणि गाडी माझ्याकडे आली. आत बसलं की अजून त्यांच्या पाइपच्या तंबाखूचा वास येतो. सुट्टीच्या दिवशी बाबा अंगणात गाडीखाली शिरायचे आणि मी शेजारी उकिडवी बसून टॉर्च धरायची. "काइसू, इकडे धर. काइसू, तिकडे. अगं, माझ्या डोळ्यात नको!" पाना काही कधी हातात मिळाला नाही. माझं लग्न झालं, चाळिशी उलटली, तरी माहेरी गेले की मी टॉर्चच धरत होते.

तर यंदा वसंतात ही गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक जाम! आमच्या सावो प्रांतात अर्धं वर्ष रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. बर्फ वितळतो की नाही देव जाणे, गाड्या मात्र हमखास वितळतात.

एन्सियो, म्हणजे माझा नवरा, फार कमी बोलतो. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं तेव्हा हा नुसता "हं" म्हणाला होता. त्यांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं की!" असा माणूस त्या दिवशी जेवताना आपणहून बोलला, तेव्हाच मी हातातला काटा खाली ठेवला.

"भंगारवाल्याला सांगतो," तो म्हणाला.

"काय सांगतोस?"

"गाडी ने म्हणून."

"बाबांची गाडी? माझ्या बाबांची गाडी तू भंगारात घालणार?"

"अंगणात गाड्या दोन. चालते एक."

एका दमात पाच शब्द! म्हणजे गडी हट्टाला पेटला होता. मी रडले, भांडले, त्याच्या ताटातला मासा काढून घेतला. शेवटी तह झाला. सोमवारी फेरतपासणी. गाडी पास झाली तर राहील आणि तो पुन्हा तिचं नाव काढणार नाही. नापास झाली तर भंगारात, आणि मी पुन्हा तिचं नाव काढायचं नाही. एन्सियो दिलेला शब्द मोडत नाही. मुळात देतोच इतके कमी की मोडायला काही उरत नाही.

मला चिंता नव्हती. गेल्या हिवाळ्यात गावच्या संध्याकाळच्या वर्गाला बाकीच्या बायका बशा रंगवायला गेल्या होत्या आणि मी एकटी गाडीदुरुस्तीला. माझ्याकडे ज्ञान होतं, नवा पानासंच होता आणि दुकानातून आणलेला ब्रेकच्या नव्या भागांचा डबा होता. आणखी काय लागतं?

शनिवारी सकाळी मी बाबांचा जुना निळा डगला चढवून अंगणात उतरले. जॅक लावला. चाकाचे नट सोडवायला घेतले. पाच नट! चार सुटले. पाचवा जागचा हलेना. पान्यावर उभी राहिले. उड्या मारल्या. पाना वाकला, नट हसला!

पण ज्ञान होतं ना! दांडी जितकी लांब तितका जोर जास्त, हे वर्गात शिकवलं होतं. अंगणात गालिचे वाळत घालायचा स्टँड आहे, त्याची लोखंडी नळी उपसली आणि पान्यात अडकवली. नळीच्या टोकाशी लोंबकळले. कर्रर्र! नट सुटला आणि मी गवतात उताणी.

"हं," खिडकीतून एन्सियो म्हणाला.

"सुटला!" मी पडल्या पडल्या ओरडले. "बघितलंस ना?"

मग चाक निघेना. नट एकही नाही, आणि चाक आपलं जागेवर! गंजाने डकवलेलं. मी त्याला लाथ घातली. दुसरी घातली. तिसरी घालताना माझ्या तोंडून असे शब्द गेले की पलीकडच्या घरातून सासूबाईंनी पडदा सारून पाहिलं. चाक मात्र त्या शब्दांनीच निघालं असावं, कारण लाथ चुकली होती.

आता आत काय असतं ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. चाकामागे एक लोखंडी चकती फिरते. ब्रेक दाबला की एक चिमटा त्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरतो. त्या चिमट्याला सरकता यावं म्हणून बोटाएवढ्या दोन पिना असतात, आणि त्या एका जाड लोखंडी ब्रॅकेटच्या भोकांत मागेपुढे होतात. व्हायला हव्यात! माझी एक पिन लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. दुसरी निघेना. फिरेना. हलेना. ब्रॅकेट आणि पिन यांचं लग्न लागलं होतं आणि दोघंही काडीमोडाला तयार नव्हते.

मी ब्रॅकेटच काढून हातात घेतलं. गंज सोडवायचं तेल ओतलं. थांबले. पुन्हा ओतलं. हातोडीने ठोकलं. पकडीने पिळलं. डबाभर तेल त्या ब्रॅकेटने प्यायलं, पण पिन जागची हलली नाही. दुपार कलायला लागली. वर्गातले मास्तर सांगायचे, अगदीच ऐकेना तर तापवा. तापवलं की लोखंड सैल पडतं.

"एन्सियो, तुझा तो गॅसचा टॉर्च कुठाय?"

"संपला."

"मग ओव्हनमध्ये ठेवू का?"

"आईच्या कचोऱ्या आहेत."

कचोऱ्या म्हणजे राय नावाच्या धान्याच्या पिठाच्या, आत भात भरलेल्या. सासूबाई दर शनिवारी आमच्या ओव्हनमध्ये भाजतात, कारण त्यांचा ओव्हन लहान आहे आणि आमच्यावर लक्ष राहतं. तिथे तेलकट लोखंड ठेवलं असतं तर गाडीच्या आधी माझीच रवानगी भंगारात झाली असती.

मी हताश होऊन पायरीवर बसले. आणि मला तळ्याकाठी सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराच्या, धुराड्यातून धूर निघताना दिसला!

शनिवार होता. सासूबाईंनी सौना पेटवला होता. अहो, आमच्याकडे जे काही आखडतं ते कुठे सैल होतं? कंबर आखडली, सौना! मान धरली, सौना! नवरा रुसला, सौना! आधी खरपूस तापायचं, मग थेट तळ्याच्या गार पाण्यात उडी घ्यायची. हाडं मोकळी होतात. लोखंड काय हाडांपेक्षा कडक असतं? मला माझ्याच बुद्धीचं इतकं कौतुक वाटलं की मी तिथल्या तिथे टाळी वाजवली.

अडचण एकच. तो सौना माझ्या सासऱ्यांनी बांधलेला आणि सासूबाईंच्या ताब्यातला. सासूबाईंचं नाव हिल्या, म्हणजे 'शांत'. नाव ठेवताना त्या बहुतेक झोपलेल्या असाव्यात. सौनात मोठ्याने बोललेलं त्यांना चालत नाही, म्हणजे दुसऱ्यांनी. शेगडीवरचे दगड त्या दरवर्षी स्वतः निवडून रचतात. त्या दगडांवर पाणी मारलं की जी वाफ उसळते, तिला आम्ही ल्योयलू म्हणतो. तळ्याभोवतीच्या सगळ्या घरांत सर्वांत चांगली ल्योयलू कुणाची, यावरून सासूबाईंचं आणि पलीकडच्या काठावरच्या आउनेबाईंचं तरुणपणापासून जुंपलेलं आहे. दोघी जिवलग मैत्रिणी. म्हणूनच जास्त.

पण सौना तापेपर्यंत आत कुणी फिरकत नाही. मी ब्रॅकेट डगल्यात लपवून गेले, डगल्याच्या बाहीने धरून वरचे दोन दगड उचलले, ते मधे बसवलं आणि वर दगड ठेवून दिले. छान तापू दे, मग हळूच काढीन आणि तळ्यात बुडवीन, कुणाला कळणारसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीत बसून मी वाट बघत होते, तेवढ्यात दार उघडलं.

"ये गं आउने, ये. तयारच आहे. अरे, काइसू इथेच आहे! बरं झालं, चल तूही."

सासूबाई आणि आउनेबाई! टॉवेल खांद्यावर टाकून हजर! वेळेच्या कितीतरी आधी!

"आई, अजून तापला नाहीये नीट," मी दारात आडवी आले.

"माझा सौना तापलाय की नाही ते तू मला सांगणार?"

"मला जरा काम होतं, गाडीचं..."

"गाडी कुठे पळून चालली आहे? चाक तर काढून ठेवलंयस. कपडे उतरव!"

शनिवारच्या सौनाला पाहुणीसमोर नाही म्हणणारी सून आमच्या गावात अजून जन्मली नाही. पाच मिनिटांत मी वरच्या फळीवर दोघींच्या मधे घाम गाळत बसले होते. नजर दगडांवर. दगडांच्या फटीतून निळसर धुराची एक बारीक रेघ निघाली. मग दोन निघाल्या.

सासूबाईंनी लाकडी ओगराळ्याने पहिलं पाणी मारलं. फस्स! वाफ वर आली आणि तिच्याबरोबर वास आला. काय सांगू तुम्हाला! अख्खा डबाभर तेल, वर कित्येक हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ, चिखल आणि जुनं ग्रीस! मी डोळे मिटून घेतले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, आता या वयात घराबाहेर काढलं तर कुठे जायचं, याचा विचार करायला लागले.

"हिल्या," आउनेबाई म्हणाल्या, "हा वास कसला गं?"

सासूबाईंनी हुंगून पाहिलं. त्यांच्या नाकपुड्या थरथरत होत्या.

आउनेबाईंनी खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणि त्यांचा चेहरा एकदम विरघळला. "डांबर! अगं, हे तर अस्सल डांबर!"

आता हे डांबर म्हणजे तुमचं रस्त्यावरचं नव्हे. आम्ही पाइनच्या खोडांपासून डांबर काढतो, होड्यांना फासतो, खोकल्यावर घेतो, आणि सौनाच्या पाण्यात दोन थेंब घातले की म्हातारी माणसं बालपणात जाऊन पोहोचतात. आउनेबाई पोहोचल्याच होत्या.

"असा वास माझ्या आजोबांच्या सौनाला यायचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "हल्ली बाटलीतलं मिळतं ते नुसतं रंगाचं पाणी. हे कुठून मिळवलंस?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाठ ताठ केली.

"आमच्याकडे बाटलीतलं नसतंच कधी," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या वडिलांच्या वेळचं पिंप आहे."

"आणि इतकी वर्षं मला बोलली नाहीस?"

"प्रत्येक गोष्ट काय सांगत सुटायची?"

आउनेबाई खाली वाकून अंगावर मारून घ्यायची बर्चच्या डहाळ्यांची जुडी भिजवत होत्या, तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "कुठून आणलंस गं?"

"आई, ते गाडीच्या..."

"श्श! गाडीने कुठून का आणलं असेना, हिच्यासमोर बोलू नकोस!"

झालं! आता मला उठता येईना, ब्रॅकेट काढता येईना, खरं सांगता येईना. आणि दोघी उठायचं नाव घेईनात! कारण सौनातून आधी जी उठते ती हरते, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांना माहीत असतं. आउनेबाई म्हणायच्या, "अजून एक मार, हिल्या, गार पडलंय." सासूबाई म्हणायच्या, "मारते की. तुला सोसेल ना?" फस्स! फस्स! वास वाढत चालला, वाफ करडी झाली. माझे कान भाजून निघत होते. पण खोटं कशाला बोलू, मनातून मला दर फस्सला आनंद होत होता. असं तापवायला गॅसच्या टॉर्चची काय बिशाद!

तेवढ्यात आउनेबाईंनी ओगराळं स्वतःच्या हातात घेतलं आणि काठोकाठ भरून नेमकं मधल्या फटीत ओतलं.

टण्ण!

बंदूक सुटल्यासारखा आवाज झाला. आउनेबाईंनी माझ्या मांडीवर उडी मारली.

"फुटलं! काहीतरी फुटलं!"

"दगड फुटला," सासूबाई जागच्या न हलता म्हणाल्या. "आमच्याकडे ल्योयलू अशी असते. तुझ्या शेगडीत फुटलाय का कधी एखादा?"

पण मी पाहिलं होतं! वरचा दगड बाजूला सरकला होता आणि ब्रॅकेट उघडं पडलं होतं. पिनेच्या मुळाशी गंज तडकून केसाएवढी चकाकती रेघ उमटली होती. सुटली! पिन सुटली होती! आता गरम आहे तोवरच पाण्यात घालायला हवं. पुन्हा गार होत बसली तर पुन्हा धरेल, हेही वर्गात शिकवलं होतं.

आउनेबाईंना मांडीवरून उचलून मी सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं, शेगडीची सळई घेतली, ब्रॅकेटच्या भोकात घातली आणि उचललं.

"काइसू! काय करतेस?"

"फुटलेला दगड बाहेर टाकते, आई!"

टॉवेल एका हाताने धरून, दुसऱ्या हातात धुमसतं लोखंड टांगलेली सळई घेऊन मी धक्क्यावरून धावत सुटले. धक्क्याच्या टोकाशी एन्सियो मासे साफ करत सौनातल्या आपल्या पाळीची वाट बघत बसला होता.

"ते काय?"

"बाजूला हो!"

मी सळई पाण्यात घातली. चुर्रर्र! वाफेचा लोट उठला. अहाहा! असा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. मी अभिमानाने सळई वर काढली. सळई आली. ब्रॅकेट आलं नाही.

माझ्या डोळ्यांसमोर गाडी भंगाराच्या ट्रकवर चढताना दिसली. मागचं दार उघडं, बाबांच्या तंबाखूचा वास वाऱ्यावर चाललेला. मी टॉवेल फेकला आणि उडी मारली!

तळ्यावरचा बर्फ नुकताच गेलेला होता. पाणी कमरेएवढंच, पण थंडी अशी की श्वास आत गेला तो बाहेर यायला विसरला. तळाशी चिखल. मी बुडी मारली, हाताला दगड लागला. पुन्हा बुडी मारली, जुना बूट निघाला. पुन्हा मारली. मागे सौनाच्या पायरीवर दोन्ही म्हाताऱ्या येऊन उभ्या होत्या.

"हिल्या, तुझी सून बघ! अशा पाण्यात तिसरी बुडी!"

"रोजचंच आहे तिचं," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या घरात सगळे असेच."

एन्सियोने सुरी पुसली. उठला. शेडमधून गवत ओढायचा लांब दांड्याचा दाताळा घेऊन आला आणि एक शब्द न बोलता तळ्याचा तळ विंचरायला लागला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मी दात वाजवत बघत उभी. हाच माणूस गाडी भंगारात घालणार होता! थोडा वेळ तसाच बसून राहिला असता तर आपोआप जिंकला असता. पण तो विंचरत राहिला. मला त्या क्षणी तो इतका आवडला की थंडी वाजायची थांबली.

दाताळा अडकला. एन्सियोने ओढला. चिखलात माखलेलं ब्रॅकेट वर आलं. त्याने ते पाण्यात खळबळलं, दोन बोटांत पिन धरली आणि फिरवली.

"फिरतेय," तो म्हणाला.

मी तिथेच, चिखलात उभ्या उभ्या, हंबरडा फोडला.

"काय झालं गं तिला?" आउनेबाईंचा आवाज आला.

"डांबर," सासूबाई म्हणाल्या. "अंतःकरणापर्यंत जातं."

संध्याकाळी कचोऱ्या खाताना आउनेबाई आरशासमोरून हलेनात. नाकाच्या शेंड्यावर काजळी होती, पण गाल असे चमकत होते की दिव्याची गरज नव्हती. "त्वचा बघ कशी तुकतुकीत झालीये," त्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या. "मान्य करते हिल्या. तुझी ल्योयलू पहिल्या नंबरची." हे वाक्य ऐकायला सासूबाईंनी सबंध जन्म घालवला होता. त्यांनी मला न मागता दुसरी कचोरी वाढली. लोणी लावून!

रविवारी मी सगळं जोडलं. एकटीने! पिनांना नवं ग्रीस, नवी चकती, चकतीला धरणारे नवे पॅड. डब्यात चार पॅड निघाले, लागले दोनच. दुकानदार भला माणूस दिसतो, म्हणून उरलेले दोन जपून कपाटात ठेवले. डावीकडच्या ब्रेकला हात लावला नाही. तो काही नापास नव्हता, आणि चालत्या गोष्टीला मी उगाच त्रास देत नाही. मग गावभर चक्कर मारली. प्रत्येक टपालपेटीपाशी ब्रेक दाबून बघितला. गाडी अशी थांबायची की माझा कपाळमोक्ष व्हायचा! थांबताना जरा उजवीकडे झेपावायची, पण तो मला तिचा उत्साह वाटला. मी स्टिअरिंगवर हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाले, "बाबा, बघा!" मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले आणि मी टपालवाल्याच्या अंगावर जाता जाता राहिले.

सोमवार. तपासणी केंद्र. एन्सियो कोपऱ्यात, खिशात फोन. तपासणारी मुलगी चटपटीत होती. तिने मागची चाकं त्या फिरत्या रुळांवर चढवली आणि ब्रेक दाबला. उजवीकडचा काटा जो उसळला तो थेट वर जाऊन पोहोचला! तिने भुवया उंचावल्या. पुन्हा दाबला. पुन्हा तेच. ती गाडीतून उतरली, चाकामागे दिवा मारून आत बराच वेळ बघत राहिली.

"उजवीकडचं काम कुणी केलं?"

"मी!" मी दोन पावलं पुढे झाले. "घरी! अंगणात!"

"सुंदर केलंय. खरंच. पिना अगदी लोण्यासारख्या सरकतायत. एवढा चांगला ब्रेक मी या महिन्यात पाहिला नाही."

"एन्सियो, ऐकलंस?"

"हं."

"म्हणूनच नापास," ती म्हणाली.

मला वाटलं माझ्या कानात अजून तळ्याचं पाणी आहे.

"म्हणजे?"

"उजवा इतका जोरात धरतो की डावा त्याच्यापुढे अगदीच लेचापेचा ठरतो. दोन्हींतला फरक फार झाला. ओल्या रस्त्यावर गाडी गोल फिरेल तुमची. ब्रेक दोन्ही बाजूंचे एकदम करायचे असतात, बाई. डब्यात चार पॅड होते ना?"

मला कपाटात जपून ठेवलेले दोन पॅड आठवले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या गाडीला पाना लावला, जीव ओतून काम केलं, आणि काम इतकं उत्तम झालं की गाडी नापास! मी एन्सियोकडे बघितलं. त्याने खिशातून फोन काढला. शब्दाचा पक्का माणूस! मी वळून गाडीपाशी गेले आणि मागच्या दारावर हात ठेवून उभी राहिले. आता खरंच रडू येत होतं. मागून एन्सियोचा आवाज आला.

"आई?"

मी मान वळवली. भंगारवाल्याला आई कोण म्हणतं?

"आई, शनिवारी सौना जरा लवकर तापव. हो. नापास झाली. ... हो, दिला होता शब्द. पण तपासणी अर्धीच झाली असं मी धरतो. ... डावीकडचं उरलंय."

पलीकडून सासूबाईंचा आवाज फोन फोडून बाहेर येत होता. एन्सियोने तो कानापासून लांब धरला, त्यामुळे अख्ख्या तपासणी केंद्राने ऐकला.

"तेच मी म्हणते! आउनेने गावभर केलंय, शनिवारी सहाजणी येतायत डांबराच्या वाफेला! पिंप कुठलं आणायचं म्हणून रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या! खबरदार, ती गाडी अंगणातून हलली तर!"

"तुला माहीत होतं?" एन्सियोने विचारलं.

"पाइनचं डांबर कुठलं आणि गाडीचं ग्रीस कुठलं, एवढं मला कळत नाही होय रे? मी आउने आहे का? बरं, ते राहू दे. मला एवढं सांग, त्या गाडीला एकूण ब्रेक किती असतात?"

"चार."

पलीकडून तृप्तीचा एक लांब सुस्कारा आला.

"देव पावला! मग सबंध उन्हाळ्याची सोय झाली."

तर मंडळी, गाडी राहिली. अंगणात उभी आहे, ऐटीत! डावीकडचं ब्रॅकेट कालच काढलं. पिना अशा जाम आहेत की बघून सासूबाईंनी मला चक्क मिठी मारली. पुढचे दोन मात्र मी अजून उघडलेले नाहीत. रोज येता-जाता त्या चाकांकडे बघते आणि मनातल्या मनात हात जोडते, की देवा, तेही जाम असू देत!